सासव करायचं राहिलं

तुम्ही मला काकीच म्हणा, इकडे घोडपदेवला सगळे काकीच म्हणतात, शालिनी हे नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. गाव आमचं कुडाळच्या पुढे, आत, एसटीतून उतरून अर्धा तास चालत. वडलांची काजूची झाडं होती आठ-दहा, जास्त नाही, पण चैत्र लागला की घरातल्या सगळ्या बाया ओले काजू सोलायला बसायच्या, आणि ओला काजू सोलणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही ताई, त्याचा चीक असा असतो की बोटांची सालं निघतात, हात काळे पडतात, खोबरेल लावा नाहीतर राख लावा, पंधरा दिवस जात नाही. मला बघायला आले तो चैत्रच होता. मी हात पदराखाली लपवून बसलेली, आई डोळ्यांनी सांगतेय लपव, लपव, आणि सासू म्हणाली हात बघू. दाखवले. त्या म्हणाल्या, चेडू कामाचां आसा. झालं, पोरगी कामाची म्हणून तिथेच लग्न ठरलं.

इथली खोली दहा बाय बाराची, तिसऱ्या मजल्यावर. सासरे गिरणीत होते, मी आले तेव्हा ते गेलेले, खोलीत सासू, हे आणि मी, मग दीपक झाला. हे म्हणजे आमचे मालक, फोर्टला एका मोठ्या हापिसात लिफ्टमन होते, बत्तीस वर्षं स्टुलावर बसून वरखाली, वरखाली. घरी यायचे ते तीन जिने चढून, आणि दारात टेकून म्हणायचे, साहेबांका मी वर नेतंय, माका कोण नेता? रोज तेच. रोज मी म्हणायची, चहा घ्या आणि गप बसा. असा स्वभाव, चेष्टेचा, उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नाही. आवाज माझा. माझा आवाज खाली नळावर ऐकू जायचा, कुणालाही विचारा.

दीपक शाळेत जायला लागल्यावर मी ठाकूरद्वारला एका घरी स्वयंपाकाला लागले, वीस वर्षं केलं तिथे, त्यांनीच तुम्हाला माझा पत्ता दिला ना, हां, माणसं चांगली. तिथे मी आंब्याची डाळ पहिल्यांदा बघितली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, पातेलंभर हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटलेली, त्यात कैरी किसून घातलेली, वर फोडणी, आणि मी तिथल्या आजींना म्हटलं, आजी, डाळ शिजवायची राहिली. सगळ्या बायका काय हसल्या म्हणता, पोट धरून हसल्या. मला काय ठाऊक ती कच्चीच खातात. आणि पन्ह्यात त्यांचं केशर, वेलची, आमच्याकडे पन्हं म्हणजे कैरी चुलीत भाजायची, गूळ, मीठ, खलास. पण डाळ मला आवडली, घरी येऊन केली, ह्यांनी दोनदा मागून घेतली, सासूने बोटाने चाटली आणि म्हणाल्या, दात खंय आसत माका.

तुम्ही विचारलंत ना चैत्रात काय काय करता, तर लिहून घ्या. फणसाची कुयरी, म्हणजे अगदी कोवळा फणस, आत गरे धरायच्या आधीचा, हाताला तेल लावून कापायचा, उकडून ठेचायचा, आणि ओलं खोबरं. ओल्या काजूची उसळ, लालबागच्या बाजारात गावाकडच्या बाया टोपलीत घेऊन बसतात, सोललेले मिळतात आता, मला ते सोललेले घ्यायची लाज वाटते, पण हात चालत नाहीत. कैरी घालून सुंगटं, म्हणजे तुमची कोळंबी. शेवग्याच्या शेंगा वालात. तुमच्या वयाच्या मुली मला म्हणतात काकी, आता सगळं बारा महिने मिळतं. मिळतं, मिळू दे. बारा महिने मिळतं त्याची वाट कोण बघणार? आणि वाट बघण्यातच सगळं होतं असं आम्हाला शिकवलेलं, त्या शिकवण्यानेच माझा घात केला, ते पण सांगते, ते सांगितल्याशिवाय माझं पुढचं काही सांगता येणार नाही.

आमच्या घराचा एक नेम होता. कैरी पाडव्यापासून खा, कितीही खा, पण पिकलेला आंबा अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालायचा नाही. बऱ्याच घरांत असतो हा नेम, पण आमच्याइतका कडक नसतो, इथे शेजारपाजारचे पेटी आली की खायला सुरुवात. मी नवीन असताना एकदा सासूला म्हटलं, बाजारात फाल्गुनात आंबा येतो, पितर काय एवढं मनावर घेतील? तर त्यांनी हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, बस. मग सांगितलं. ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगा झालेला, सहा वर्षांचा. गावाला दारातल्या झाडाचा पहिला आंबा पडला, पोरगा हट्टाला पेटला, अक्षय तृतीयेला चार-पाच दिवस होते, रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं तेव्हा सासूनेच सोलून हातात दिला. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी गेला. कसला ताप कोण जाणे, गावात तेव्हा डॉक्टर कुठला. पण त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलं. माझ्या हातान दिलंय गो, एवढंच दोनदा म्हणाल्या आणि परात उचलून पुन्हा भाकऱ्यांना लागल्या. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. त्या गेल्या त्यालाही आता पंधरा-सोळा वर्षं झाली, त्या गेल्या पण नेम राहिला, मी राखला, मला कुणी सांगितलं नव्हतं राख म्हणून.

तर अक्षय तृतीयेला आमच्याकडे पानात पहिलं सासव. तुम्ही खाल्लंय? रायवळ आंबे लागतात, छोटे, रेषा असलेले, तुमचा तो महागाचा हापूस नाही चालत. साल काढून आंबे तसेच ठेवायचे बाठ्यासकट, सालं थोड्या पाण्यात पिळून घ्यायची, ते पाणी फुकट घालवायचं नाही. ओलं खोबरं, सुकी मिरची वाटायची, गूळ घालायचा, आणि मोहरी अगदी शेवटी, दोनदा फिरवली की बस, जास्त वाटली तर सगळं कडू. ह्यांना सासव म्हणजे जीव की प्राण. हापिसातून त्या दिवशी हाफ डे घेऊन यायचे. बाठा चोखायला लागले की अर्धा तास, कोपरापर्यंत ओघळ, दीपक लहान असताना दोघांची शर्यत लागायची कुणाचा बाठा पांढरा होतो. मी ओरडायची, माणसं आहात की कोण आहात, आणि मला आतून बरं वाटायचं.

चार वर्षं झाली. ह्यांचं पोट दुखायला लागलं दिवाळीच्या सुमाराला, आम्ही ओवा दिला, हिंग लावला, मग परळला मोठ्या इस्पितळात दाखवलं तर म्हणाले पोटात गाठ आहे आणि पसरलीय. सगळं केलं, जे जे सांगितलं ते केलं, दीपक आणि सून कळव्याला राहतात, ती दोघं बिचारी आळीपाळीने इथे येऊन राहायची. पाडव्याच्या आधी तिथल्या डॉक्टरने मला बाहेर बोलावलं, तरुण होता, माझ्या दीपकपेक्षा लहान, म्हणाला आजी, आता घरी घेऊन जा. जे मागतील ते द्या.

काय सांगू तुम्हाला, मी काय अडाणी नाही. जे मागतील ते द्या म्हणजे काय ते मला कळत होतं. पण मी दीपकला बाहेर येऊन सांगितलं, पथ्य उठवलंय, म्हणजे सुधारतायत. दीपक टॅक्सी बघायला गेला.

घरी आणलं, खाटेवर झोपवलं. चैत्रभर मी त्यांना काय काय केलं ते माझं मला ठाऊक. पन्हं चमच्याने. कैरीचं आंबट वरण, नुसतं वरचं पाणी. शेवग्याच्या शेंगेचा गर काढून, गाळून. दोन चमचे जायचे, तिसऱ्याला तोंड फिरवायचे, पण म्हणायचे, झ्याक झालां हां. खोटं बोलायचे माझ्याशी, आणि मी पण खोटं हसायची.

आता बघा कसं झालं ते. गावाहून माझ्या भावाने रायवळची पेटी पाठवली, दरवर्षी पाठवतो, अक्षय तृतीयेला पिकून तयार व्हावेत अशा बेताने. दहा दिवस आधी आली. आंबे मी पेंढ्यात घालून खाटेखाली ठेवले, दुसरी जागा कुठे आहे खोलीत, दरवर्षी तिथेच ठेवते. माझ्या लक्षातच आलं नाही. खाटेवर तो माणूस, ज्याला सासव म्हणजे जीव की प्राण, आणि खाली आंबे. त्या वर्षी उकाडा मरणाचा, दोनच दिवसांत वास सुटला, सगळी खोली आंब्याची झाली.

पहिल्यांदा मागितलं ते मी पाठ पुसत होते तेव्हा. म्हणाले, वास येता गो. सासव कर एकदा. मी म्हटलं, करते ना, अक्षय तृतीयेला करते, आठ दिवस तर राहिले. बरां, म्हणाले. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा सून इथे होती, श्वेता, ती म्हणाली आई, द्या ना त्यांना, मी करते, तुम्ही नका करू, मी करते. मी तिच्यावर काय ओरडले, सगळ्या मजल्याला ऐकू गेलं, म्हटलं तुला काय माहीत या घरात काय झालंय, तू काल आलेली. पोरगी रडत गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिने मला नंतर कधी एका शब्दाने ऐकवलं नाही, हे पण लिहा.

तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा आम्ही दोघंच होतो. आवाज अगदी बारीक झालेला, मी कान तोंडाशी नेला. म्हणाले, अगो, पितरांका आधी दाखवूक व्हया म्हणतस ना, मी थंयच चललंय. माका दी, मी सांगतंय त्येंका पावलो म्हणून. आणि हसले. त्या अवस्थेत हसले. मला इतका राग आला, ताई, मी उठले आणि मोरीत जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली. काय बोलतात, म्हटलं, तोंडाला येईल ते बोलतात, तिन्हीसांजेचं असलं बोलतात.

मी का दिलं नाही, ते मी किती वेळा स्वतःला विचारलंय. सासूची भीती होती, आहेच ती. पण तेवढंच नव्हतं. आठ दिवस थांबा म्हटलं म्हणजे आठ दिवस तुम्ही आहात. चार दिवस थांबा म्हटलं म्हणजे चार दिवस आहात. आधी देऊन टाकलं असतं तर मी माझ्या तोंडाने सांगितल्यासारखं झालं असतं की तुम्ही तोपर्यंत राहत नाही. ते मला सांगायचं नव्हतं. मी मनात देवाशी बोलत होते, बघ, मी तुझा नेम मोडला नाही, एवढं मागतोय माणूस तरी मोडला नाही, आता तू तुझं बघ. आणि देवाने अमावास्येला दुपारी चहाच्या वेळेला त्यांना नेलं. अक्षय तृतीयेला तीन दिवस होते. मी चहा गाळत होते, वळले तर संपलेलं. खोलीत आंब्याचा वास तसाच.

मग सुतक. सुतकात अक्षय तृतीया कसली आणि पितरांचं पान कसलं. सुतकाच्या घरातलं कुणी घेत पण नाही, आंबे खाटेखाली पिकून गळायला लागले, शेवटी दीपकने पेंढ्यासकट पेटी उचलली आणि खाली कचऱ्यात टाकून आला. मी बघितलं, पण अडवलं नाही. एक आंबा त्यातला कुणाच्या तोंडात गेला नाही. जमीन दोनदा पुसली, पण वास पुष्कळ दिवस येत होता.

दहाव्याला दीपक बाणगंगेला गेला. मी त्याला निघताना बाजूला घेऊन सांगितलं, कावळा शिवणार नाही, तू घाबरू नको. नाही शिवला की मोठ्याने म्हण, बाबा, आई सासव करून घालेल, पानात पहिलं तुम्हाला घालेल. तेवढंच म्हण. तो म्हणाला बरं. मी घरी बसले घड्याळाकडे बघत. मला खात्री होती, शंभर टक्के, की कावळा फिरकणार नाही, आणि मला तेच हवं होतं, खरं सांगते, सगळ्यांसमोर कळू दे की ह्यांचं काय राहिलंय, माझी चूक पदरात पडू दे. तर अर्ध्या तासात फोन. आई, पिंड ठेवला आणि लगेच शिवला गं, मला काही म्हणायलाच लागलं नाही. पाठोपाठ सगळे घरी आले, बाया म्हणाल्या, पुण्यवान माणूस, कसली इच्छा मागे ठेवली नाही, तृप्त होऊन गेला. माझ्या पाठीवरून हात फिरवतायत आणि म्हणतायत, तू खूप केलंस. मी मान हलवत होते. कुणाला काय सांगू? सासवाचं मी आज तुम्हाला सांगतेय, दीपक आणि श्वेताशिवाय कुणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षीपासून अक्षय तृतीयेला पान वाढते. ते आता पितरांत गेले ना, म्हणजे पहिलं सासव आता त्यांचं, त्यांच्या आधी कुणी खायचं नाही. जिवंतपणी रांगेत शेवटी उभं केलं आणि आता पहिला मान. पान दाखवून झालं की मी जेवायला बसते. मला वाटलेलं पहिल्या घासाला ओकारी येईल, घशाखाली उतरणारच नाही. तसं काही होत नाही. चव लागते हो. चांगली लागते. मी बाठा पण चोखते. त्याची मला फार लाज वाटते.

आता या वर्षीचं सांगते आणि थांबते, तुम्हाला पण घरी जायचंय. परीक्षा संपल्यावर नात माझ्याकडे राहायला आली, आर्या, दुसरीत आहे, बोलण्यात आजोबांवर गेलीय. भावाची पेटी आलेली, आंबे खाटेखालीच. ती जमिनीवर चित्र काढत बसलेली, एकदम वर बघून म्हणाली, आजी, आंब्याचा वास येतोय, मला दे ना एक. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, थांब, आठ दिवस थांब. माझंच मला ऐकू आलं. ती बरं म्हणून पुन्हा चित्र काढायला लागली, अगदी तसंच बरं. मी तशीच वाकले, एक आंबा काढला, धुतला, सोलला आणि तिच्या हातात दिला. माझ्या हाताने दिला.

दिला आणि तिच्यासमोरच बसले. तिने खाल्ला, हात चाटले, फ्रॉक भरवला, मी ओरडले पण नाही. नंतर तीन दिवस मी त्या पोरीच्या मागे. दर घटकेला कपाळाला हात, गळ्याला हात, शेजारून थर्मामीटर आणलं, ती वैतागली, म्हणाली आजी तू मला सारखं काय तपासतेस, मी काय आजारी आहे? मी म्हटलं नाही गं, नाही बाय, तू खेळ. दीपकला फोन करून सांगितलं नाही, श्वेताला सांगितलं नाही. एकटीने ते तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गॅलरीत पोरींबरोबर लंगडी घालत होती, घामाने थबथबलेली, आत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, आजी, अजून एक आंबा दे.

तेव्हा मी रडले. चार वर्षांत रडले नव्हते तेवढी रडले, ती बिचारी घाबरली, म्हणाली नको आजी, नको आंबा, तू रडू नको. मी तिला दोन दिले. पोरीला काही झालं नाही, ताई. काही म्हणजे काही झालं नाही. माझ्या सासूचा तो पोरगा आंब्याने गेला नव्हता, ती बाई जन्मभर उगाच जळली, आणि तिचं जळणं मी घेतलं आणि ह्यांच्या तोंडापुढे धरलं. ह्यांना मी दिलं असतं तरी ते वाचणार नव्हते, अमावास्येला जाणारच होते. पण खाऊन गेले असते.

जाऊ दे. जे झालं ते झालं, आता ते माझ्याबरोबरच जाईल. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, कोण ऐकतं हल्ली. देव तुम्हाला सुखात ठेवो, तुमची माणसं धडधाकट राहोत, आणि घरात कुणी काही मागितलं तर उद्यावर टाकू नका.